घरी कोंबडीखाद्य बनवताना मेथिओनिन विसरू नका

लातूर, नांदेडकडे सोयापेंड सहज मिळते, म्हणून अनेक जण मका भरडा आणि सोयापेंड कालवून घरीच खाद्य बनवतात. चांगलंच आहे. पण प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांपैकी लायसिन सोयाबीनमध्ये भरपूर असलं तरी मेथिओनिन कमी असतं. ते कमी पडलं की अंडी लहान येतात, पिसं नीट भरत नाहीत. अशा वेळी पेंड वाढवू नका. खर्च वाढतो आणि जादा प्रथिनांमुळे लिटर (कोंबड्यांखाली पसरलेला भुसा) ओलं होऊन अमोनियाचा वास सुटतो. त्याऐवजी डीएल-मेथिओनिनची पावडर वापरा. अंड्यावरच्या कोंबड्यांना साधारणपणे १०० किलो खाद्याला १५० ते २०० ग्रॅम लागते. नेमकं प्रमाण पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या.

खरी गोम मिसळण्यात आहे. एवढीशी पावडर थेट ढिगावर टाकली तर काही कोंबड्यांना जास्त मिळते, काहींना मिळतच नाही. आधी दोन किलो भरड्यात, मग दहा किलोत आणि शेवटी सगळ्या खाद्यात कालवा. पावडर मोजायला वजनकाटाच हवा, मूठ नको.

हीच साधी पावडर गाई-म्हशींना मात्र घालू नका. ती बरीचशी पोटातले जिवाणूच फस्त करतात. त्यांच्यासाठी या जिवाणूंपासून वाचून पुढे आतड्यात पोचणारं, बायपास प्रकारचं मेथिओनिन वेगळं मिळतं.