छोट्या हत्तीवर प्रेशर वॉशिंगची गाडी बांधताना

प्रेशर वॉशिंगची गाडी बांधायची म्हटलं की जो तो पहिल्यांदा विचारतो, "किती बारचं मशीन घेऊ?" बार म्हणजे पाण्याच्या दाबाचं माप. मी उलट विचारते: पाणी कुठून घेणार, आणि गाडी वजन किती उचलते? मी पुण्यातल्या धायरीची. आमच्या दोन गाड्या आहेत, एक मी बघते, एक माझा धाकटा दीर. सोसायट्यांची पार्किंग, पेव्हर ब्लॉक, शाळेच्या बस, साइटवरचे जेसीबी, अशी कामं. दोन्ही गाड्या छोटा हत्तीच. यापेक्षा मोठी गाडी सोसायटीच्या गेटातून आत घ्यायची म्हणजे वॉचमनशी रोजचा वाद.

छोटा हत्ती साधारण पाऊण टन उचलतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा आरसीवरून काढा: एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं. पाण्याचा हिशेब सोपा आहे, लिटरला किलो. ५०० लिटरची टाकी भरली की ५०० किलो तिथेच गेले. वर टाकी, फ्रेम, इंजिन, पंप मिळून सव्वाशे, पाइपासकट दोन रिळं साठ, केमिकलचे कॅन चाळीस. गाडी भरली, आणि अजून हेल्पर बसायचाय. भोसरीतला फॅब्रिकेटर हमखास म्हणतो, "ताई, जागा आहे की, हजार लिटरची टाकूया." नको म्हणा. हौदा मोकळा दिसतो, पण पाटे आणि ब्रेक पाऊण टनाचेच आहेत.

आता हे ५०० लिटर पुरतं किती? मिनिटाला १५ लिटरची गन सलग चालवली तर जेमतेम अर्धा तास. म्हणून टाकीकडे दिवसभराचं पाणी म्हणून बघूच नका, तो नळ आणि पंप यांच्यामधला साठा आहे. टाकीला फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा) लावा आणि सोसायटीचा नळ जोडून ठेवा. नळाने मिनिटाला १० लिटर दिलं तर तूट फक्त ५ लिटरची, म्हणजे तेच पाणी शंभर मिनिटं पुरतं. आणि ट्रिगर काही सतत दाबलेला नसतो. कोटेशनमध्ये "पाणी सोसायटीचं" हे पहिल्या ओळीत लिहा. उन्हाळ्यात खडकवासला धरणसाखळीतला साठा उतरला की पिण्याचं पाणी धुण्याला कोणी देत नाही आणि देऊही नये. तेव्हा बोअरचं घ्यायचं. फरशीला ते चालतं, गाड्यांच्या काचांवर क्षारांचे पांढरे डाग पडतात. टँकरने येणारं, प्रक्रिया केलेलं सांडपाणी मी गनमधून मारत नाही, कारण फवारा नाकातोंडात जातो.

टाकी आडवी, बसकी घ्या. गच्चीवरची उभी गोल टाकी चालत्या गाडीसाठी नाही. एकाऐवजी २५० लिटरच्या दोन घेतल्या आणि मध्ये व्हॉल्व्ह ठेवला तर उत्तम. भरलेली टाकी निमूट बसते, अर्धी टाकी मात्र बोपदेव घाटाच्या वळणावर सगळं पाणी एका बाजूला फेकते. टाक्या केबिनला लागून, मागच्या ॲक्सलच्या पुढे. इंजिन-पंप मागे, सायलेन्सरचं तोंड बाहेर. रीळ डाव्या बाजूला, म्हणजे रस्त्याकडेला थांबल्यावर माणूस पाइप ओढताना ट्रॅफिकमध्ये येत नाही. हे सगळं एका अँगलच्या फ्रेमवर घ्या आणि फ्रेम हौद्याला नट-बोल्टने आवळा, वेल्डिंग नको. गाडीत कायमचा बदल केला तर आरसीचा प्रश्न येतो. शिवाय फ्रेम उतरवून दिवाळीत तीच गाडी भाड्याने देता येते, हा आमच्या दिराचा शोध.

आता मशीन. बारला लिटर प्रति मिनिटाने गुणायचं आणि ६०० ने भागायचं, किलोवॅट येतात. २०० बार आणि १५ लिटर म्हणजे ५ किलोवॅट, घट धरून सहा. १३ एचपीचं पेट्रोल इंजिन हे ताण न घेता ओढतं. पंप थेट ३४०० आरपीएमला फिरणारा स्वस्त मिळतो. रोजच्या धंद्याला गिअरबॉक्स लावून १४५० वर फिरणारा घ्या, सील जास्त टिकतात. पाणी टाकीतून आपोआप पंपात उतरलं पाहिजे, म्हणून पंपाची पातळी टाकीच्या तोटीखाली ठेवा. सक्शन पाइप एक इंची, आतून स्प्रिंगवाला, मध्ये जाळीचा फिल्टर. पाइप बारीक पडला की पंप हवा खातो, खडखडतो, आणि आठवड्यात रिपेअरला जातो.

एक फिटिंग लोक पैसे वाचवायला गाळतात: थर्मल रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे पंपातलं पाणी फार तापलं की ते बाहेर सोडणारा. ट्रिगर सोडला की अनलोडर (पंपावरचा, पाणी परत वळवणारा व्हॉल्व्ह) तेच पाणी पंपात फिरवत राहतो, आणि हेल्पर फोनवर बोलत उभा राहिला तर ते पाणी चहा करण्याइतकं तापतं. इंटरनेटवरचे परदेशी लेख पंप गोठू नये म्हणून पानंच्या पानं लिहितात; पुण्यात पंप मरतो तो उकडून आणि क्षारांनी.

हाय प्रेशर पाइप आत तारेच्या जाळीचे दोन थर असलेला, निदान ५० मीटर. बेसमेंट पार्किंगसाठी तो लागतोच, कारण इंजिन कधीही खाली न्यायचं नाही. गाडी रॅम्पच्या वर उघड्यावर, माणूस खाली. बंद जागेत इंजिनचा धूर माणसाला कळायच्या आत मारतो.

नोझलचे रंग पाठ करा: लाल ०, पिवळा १५, हिरवा २५, पांढरा ४० अंश, काळा साबणाचा. पंधरा लिटर, २०० बारला ०४५ नंबरचं भोक. लाल नोझल मी हेल्परच्या हातात देत नाही, त्याने पेव्हर ब्लॉकच्या सांध्यातली वाळू उडते आणि प्लास्टरवर रेघा उठतात. मोठ्या पार्किंगला फिरत्या दांडीचा सरफेस क्लीनर घ्या, पट्टे पडत नाहीत. जुन्या वाड्याच्या चुन्याच्या भिंती धुवायचं काम आलं तर सरळ नाही म्हणा.

धार हाताला लागली आणि नुसतं टाचणीएवढं भोक दिसलं तरी घरी हळद लावत बसू नका. पाणी कातडीखाली खोल शिरलेलं असतं. लगेच हॉस्पिटल, आणि डॉक्टरांना "हाय प्रेशर मशीनची धार" असं स्पष्ट सांगा. गमबूट, चष्मा, हातमोजे दोघांनाही. ॲसिड आणि ब्लीच एका कप्प्यात ठेवू नका, एकत्र झाले की क्लोरीन वायू सुटतो. ऑइलचं पाणी पावसाळी गटारात सोडू नका, ते थेट नाल्यातून नदीला जातं. वाळूच्या पिशव्या लावून अडवा आणि व्हॅक्युमने उचला.

ओ-रिंग, टेफ्लॉन टेप, वॉशर, क्विक कपलर, पाना हे सगळं रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतं. पंपाचं ऑइल पहिल्या ५० तासांनी बदला. पुढचं कंपनीचं पुस्तक सांगेल तसं. गाडीत एक जादा ट्रिगर गन ठेवा, कारण कुठलीही गन बिघडते ती शनिवारी संध्याकाळीच, आणि रविवारी बोहरी आळी बंद असते.