खवले मोजायला बसायची तयारी असेल तर

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी, जुलैमधल्या एका रात्री, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका ओहोळात मला एक साप दिसला. पाणी गुडघ्याच्या खालीच होतं. बॅटरीच्या उजेडात तो तळाच्या वाळूवरून हळूहळू सरकत होता. हातभरही लांब नव्हता. अंग हिरवट, ऑलिव्हच्या जवळचं, आणि त्यावर बारीक काळे ठिपके. दिवड नाही, नानेटी नाही, मला येत असलेल्या एकाही नावात तो बसेना. फोटो काढले, तो दगडाखाली गेला, आणि आम्ही परतलो. त्या रात्री मला झोप लागली नाही. नवी जात सापडली असंच मी धरून चालले होते.

दोन दिवसांनी सरांना फोटो दाखवले. त्यांनी काही न बोलता २०१७ सालचा एक शोधनिबंध काढून समोर ठेवला. साप होता रॅब्डॉप्स अ‍ॅक्वाटिकस, आणि मी पाहिलं होतं ते त्याचं पिल्लू. पिल्लांचा रंग मोठ्यांपेक्षा वेगळा असतो. पिल्लं ओढ्यांत राहतात, मोठे साप सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरच्या, साचलेल्या पाण्यात रात्री फिरतात. सगळं छापलेलं होतं, मी वाचलेलं नव्हतं.

मला खरं शिकवलं ते त्या निबंधामागच्या गोष्टीनं. २०१७ पर्यंत आपल्याकडच्या या सापाला लोक रॅब्डॉप्स ऑलिव्हेशियस म्हणत. ते नाव बेडोम या ब्रिटिश निसर्गअभ्यासकाने १८६३ मध्ये दिलेलं, आणि तो दक्षिणेकडचा वेगळा साप. पिल्लांच्या हिरवट रंगामुळे दोघांची गल्लत दीडशे वर्षं चालली. हा साप कुणी पाहिलाच नव्हता असं नाही. दक्षिण महाराष्ट्र, गोवा, उत्तर कर्नाटक इथल्या कितीतरी लोकांनी तो हातात घेतला असेल. पण दोन्हीकडचे नमुने एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवून, खवले मोजून, डीएनए लावून पाहिल्यावर तो वेगळा ठरला. नवी जात बहुतेक वेळा जंगलात नाही, टेबलावर सापडते. साप-पालींच्या जाती ओळखण्याच्या या क्षेत्रात यायचं म्हणून मला विचारणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला मी आधी हेच सांगते, कारण बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फक्त रात्रीचं जंगल असतं.

गोव्यापुरतं बोलायचं तर इथे काम भरपूर आहे. राज्य जेमतेम ३,७०२ चौरस किलोमीटरचं, पण किनारा, जांभ्याचे सडे, कुळागरं (सुपारीच्या बागा), देवराया आणि सह्याद्रीचा उतार हे सगळं एका दिवसात पाहून होतं. १९७६ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ आर. सी. शर्मांनी गोव्याच्या सरपटणाऱ्या प्राण्यांवर लिहिताना दोन जातींना गोव्याचं नाव दिलं: एक दिवसा हिंडणारी पाल, निमॅस्पिस गोएन्सिस, आणि एक सापसुरळी, रिओपा गोएन्सिस. त्यातली पाल काणकोणची. २०१२ मध्ये कॅलिओफिस कॅस्टोई हा पोवळ्या सापांपैकी एक वेगळा ठरला. २०१६ मध्ये जमिनीत राहणाऱ्या खापरखवल्यांच्या कुळातला मेलॅनोफिडियम खैरेई आला, सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे यांच्या नावाचा. आणि २०२० मध्ये तर हरणटोळाचं सगळं घरच विस्कटलं. आपण ज्याला अहेटुला नासुटा म्हणून ओळखत होतो ते नाव श्रीलंकेतल्या सापाकडे गेलं. उत्तर पश्चिम घाटातला आपला हरणटोळ आता अहेटुला बोरिअ‍ॅलिस. गावात तो हरणटोळच राहिला, पण २०२० च्या आधीचा गोव्यातला कुठलाही अहवाल वाचताना मनात नाव बदलून घ्यावं लागतं.

आता टेबलाकडे येते, कारण खरं काम तिथे आहे.

सापाचे पोटावरचे आडवे रुंद खवले म्हणजे पोटखवले. ते मोजायला सोपे वाटतात. पण पहिला कुठला? गळ्याजवळ खवले हळूहळू रुंद होत जातात, आणि प्रत्येकानं आपापल्या अंदाजानं सुरुवात धरली तर दोघांचे आकडे कधीच जुळणार नाहीत. म्हणून १९५१ मध्ये डाउलिंग या सर्पअभ्यासकाने ठरवून दिलेली पद्धत आपण वापरतो: ज्या पोटखवल्याला दोन्ही बाजूंनी पाठीच्या खवल्यांची पहिली रांग भिडते, तो पहिला. गुदद्वारावरचा खवला यात धरत नाहीत. त्याच्या मागे शेपटीखालचे, तेही वेगळे मोजायचे, आणि टोकाचा काटा सोडून द्यायचा. पाठीवरच्या रांगा तीन ठिकाणी मोजतात: डोक्याच्या एक डोकंभर मागे, मधोमध, आणि गुदद्वाराच्या एक डोकंभर पुढे. म्हणून निबंधात १७:१७:१५ असं काहीतरी दिसतं. डोक्यावरचे, ओठांवरचे, डोळ्याला टेकणारे खवले याशिवाय.

पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा बाटलीतली एक नानेटी दिली होती. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली साप, हातात बोथट सुई. अल्कोहोलच्या वासानं डोळे चुरचुरत होते. एकशे बाराला पोचले आणि कुणीतरी हाक मारली. पुन्हा एकपासून. दुसऱ्यांदा एक आकडा आला, तिसऱ्यांदा त्याहून दोन जास्त. तेव्हा लॅबमधल्या ताईनं टाचण्यांची युक्ती सांगितली: दर वीस खवल्यांनी शेजारी एक टाचणी टोचायची. संध्याकाळपर्यंत तीनदा सारखाच आकडा आला. त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो ओहोळातल्या रात्रीपेक्षा कमी नव्हता. तुम्हाला अशा संध्याकाळचा कंटाळा येणार असेल तर हे क्षेत्र तुमच्यासाठी नाही, असं मी स्पष्ट सांगते. साप आवडत असतील तर सापांसाठी करण्यासारखं दुसरंही पुष्कळ आहे.

सरावाला मण्यार आणि कवड्या या दोन सापांपासून सुरुवात करा, फोटोवरून. पट्टे पाहून ओळखू नका. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग असते आणि शेपटीखालचे खवले अखंड असतात. कवड्याची मधली रांग बाकीच्यांसारखीच आणि शेपटीखालचे खवले दुभंगलेले. रंगानं फसवलं तरी खवले सहसा फसवत नाहीत, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की सवय लागते.

पालींचं जग वेगळं. निमॅस्पिसच्या डोळ्यांच्या बाहुल्या गोल असतात, घरातल्या पालीसारख्या उभ्या नसतात, आणि बोटं सडपातळ, वाकडी, खाली रुंद गादी नसलेली. दोन जाती वेगळ्या काढताना नरांच्या मांडीखालची आणि गुदद्वारापुढची छिद्रं फार कामाला येतात: किती आहेत, सलग आहेत की मध्ये खंड आहे. म्हणजे नुसती मादी हातात असेल तर काम अडतं. पाठीवरचे खवले सारखे बारीक आहेत की मधूनमधून मोठे उंचवटे आहेत, कुशीला काटे आहेत का, हे सगळं लिहून घ्यायचं. वही भरते, पण निर्णय होत नाही. असं कित्येक महिने चालतं.

डीएनएबद्दल नवख्यांच्या मनात एक गैरसमज असतो की आता यंत्रच सगळं सांगतं. पालींसाठी एनडी२, सापांसाठी १६एस किंवा सायटोक्रोम बी असे मायटोकाँड्रियातले तुकडे वाचतात आणि आधीच्यांशी ताडून पाहतात. पण फरक किती झाला म्हणजे जात वेगळी, अशी सरसकट रेघ नाही. खवले, रंग, अधिवास, डीएनए, सगळे एकाच दिशेनं बोट दाखवत असतील तरच पुढे जावं. मला तर एकट्या डीएनएवर उभ्या केलेल्या जातींबद्दल काळजीच वाटते.

माझ्या हातून झालेली एक चूक इथे लिहायलाच हवी. परवानगी घेऊन गोळा केलेला एक नमुना मी आधी फॉर्मॅलिनमध्ये घातला आणि ऊतीचा तुकडा नंतर घ्यायचा ठरवला. फॉर्मॅलिन डीएनए खराब करतं. आधी यकृताचा किंवा स्नायूचा तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये, मग शरीर दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये, मग धुऊन सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये, हा क्रम मला तोंडपाठ होता. रात्रीचे दोन वाजले होते, पाऊस चालू होता, आणि हात आपोआप चुकीच्या बाटलीकडे गेला. खवले मोजता आले, डीएनए मिळाला नाही. एक जीव घेतला आणि त्याच्याकडून घ्यायचं ते पूर्ण घेतलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून बाटल्यांवर १ आणि २ असे मोठे आकडे असतात आणि दमलेल्या माणसानं नमुना हाताळायचा नाही, असा आमचा नियम आहे.

परवानगीचा विषय ओघात आला म्हणून नीट सांगते. साप अभयारण्याबाहेर, तुमच्याच बागायतीत दिसला तरी तो पकडून ठेवता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संशोधनासाठी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. चोर्ला घाटात गाडीखाली मेलेला साप उचलून घरी आणणंही चालत नाही, मृत वन्यप्राणीसुद्धा सरकारची मालमत्ता असते. त्याचे फोटो मात्र जरूर काढा: बाजूला मोजपट्टी, पोट, शेपटीची खालची बाजू, डोकं वरून आणि दोन्ही बाजूंनी, आणि जागा. असे फोटो पुढे कुणाच्या तरी कामाला येतात. परवानगी कुठल्यातरी संस्थेच्या प्रकल्पातूनच मिळते, म्हणून एकट्यानं सुरुवात करू नका. आणि जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे नवी जात जाहीर करताना नमुना नेमलेल्या संग्रहालयात जमा करावाच लागतो. आपल्या बाजूला झूऑलॉजिकल सर्व्हेचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, जुने संग्रह पाहायला मुंबईत बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) आहे.

संग्रहालय का, तर होलोटाइप. प्रत्येक नाव कायमचं एका नमुन्याला बांधलेलं असतं. शंका आली की जगातल्या कुणालाही त्या नमुन्याकडे परत जाता आलं पाहिजे. एकोणिसाव्या शतकात नाव मिळालेल्या आपल्या कितीतरी सापांचे हे मूळ नमुने लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. त्यांचे फोटो मागवण्यासाठी पत्रं लिहावी लागतात, आणि उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं. जुनं वर्णन दोन ओळींचं असतं, नमुन्याची जागा नुसती ‘मलबार’ असते. हा भाग रटाळ वाटेल, पण नाव टिकतं ते याच्यावर. आपल्या जातीला आधीच कुणी नाव देऊन ठेवलं असेल तर नियमाप्रमाणे जुनं नाव जिंकतं आणि तुमचं रद्द होतं.

नाव ठेवणं शेवटी. पुरुषाच्या नावावरून असेल तर साधारण ‘इ’, बाईच्या नावावरून ‘ए’, गावावरून ‘एन्सिस’. मला गोव्याच्या सड्यावरच्या बेडकाचं नाव फार आवडतं. २०१८ मध्ये त्याला ‘गोएंची’ नाव दिलं. कोकणीतला ‘गोंयची’ हा शब्द आता शास्त्राच्या यादीत कायमचा गेला.

शिक्षणाचं विचाराल तर बीएस्सीला प्राणिशास्त्र, मग एमएस्सी. ताळगावच्या पठारावर आपलं विद्यापीठ आहेच. नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडीची वाट सुकर होते. मधल्या काळात प्रकल्प सहायक म्हणून काम मिळतं, पण प्रकल्प संपला की पगार थांबतो, हे घरी आधी सांगून ठेवा. माझ्या आईला ते पटायला दोन वर्षं लागली. पर्यावरण अहवालांसाठी सर्वेक्षण करून काही मुलं खर्च भागवतात. मीही केलं. तिथे घाई फार असते, पण सड्यांवर पाय फिरतात आणि डोळा तयार होतो.

रात्रीच्या कामात गमबूट, दोन बॅटऱ्या, आणि कधीही एकट्यानं नाही. विषारी साप हातानं उचलायचा नाही, कुणी कितीही शिकवायला तयार असलं तरी. आपल्याकडे मिळणारं सर्पविषावरचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी आहे. चापडा हा विषारी साप त्यात येत नाही, आणि पावसात ओहोळाकाठच्या फांद्यांवर तोच सगळ्यात जास्त भेटतो. हात टेकण्याआधी फांदी बघा. जवळचं आरोग्य केंद्र कुठे आणि बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात पोचायला किती वेळ लागेल हे निघण्याआधी ठरलेलं असावं.

गावातल्या माणसांना विचारत जा. कुळागरात खणणाऱ्या काकांनी मला एकदा सांगितलं, “बाय, तो काळा, गुळगुळीत, पावसात मातीतून वर येतो तो बघितलास? शेपूट कापल्यागत असतंय त्याचं.” ते खापरखवल्याचं इतकं अचूक वर्णन होतं की मी तसंच्या तसं वहीत उतरवलं, तारखेसकट.

सध्या माझ्या टेबलावर एका जांभ्याच्या कड्यावरून आणलेली एक पाल आहे. मादी. आकडे कशाशीच नीट जुळत नाहीत, पण मादीवरून काही बोलता येत नाही. कड्याच्या कपारीत अंडी चिकटवलेली दिसली, म्हणजे नरही तिथेच असणार. परवानगीची मुदत वाढवण्याचा अर्ज गेल्या सोमवारी दिला आहे. पहिला पाऊस पडला की पुन्हा जायचं आहे.