बडोद्यात पहिली नोकरी शोधताना: ओळख कोणाची काढावी आणि विचारावे काय

दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या मराठी घरात मुलाची अथवा मुलीची पदवी हाती आली की, आठवड्याच्या आत मामा, आत्या आणि शेजारचे काका यांच्याकडे ‘कुठे काही असेल तर बघा’ असा निरोप जातो. हा निरोप बहुधा वाया जातो. जवळच्या माणसांना आपली काळजी असतेच, पण त्यांना ठाऊक असलेल्या कंपन्या आणि जाहिराती आपल्यालाही आधीच ठाऊक असतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात, ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्या लोकांना ‘त्या माणसाची आणि तुमची गाठ किती वेळा पडत असे’ असे विचारले होते. वरचेवर, असे उत्तर १६.७ टक्के लोकांनी दिले, अधूनमधून असे ५५.६ टक्क्यांनी, तर क्वचित असे २७.८ टक्क्यांनी. म्हणून यादी करायला बसताना आप्तांपासून नव्हे, तर अर्धवट ओळखीच्या माणसांपासून सुरुवात करावी.

अशी माणसे वाटतात त्याहून जास्त निघतात. आपल्यापुढे दोन-तीन वर्षे असलेले विद्यार्थी, प्रकल्पाच्या निमित्ताने ज्यांच्या कारखान्यात आठ दिवस गेलो ते पर्यवेक्षक, वडिलांच्या कार्यालयातून दुसरीकडे गेलेले सहकारी आणि गणेशोत्सवात वर्गणीपुरते भेटणारे गृहस्थ, ही सगळी नावे वहीत उतरवावीत. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेत शिकलेल्यांना एक जास्तीची सोय आहे: ‘कलाभवन’ या ज्या तंत्रशिक्षण संस्थेतून ही शाखा वाढली ती १८९० पासूनची असल्याने, इथल्या कारखान्यांत तिथे शिकलेली माणसे सर्व पिढ्यांची सापडतात.

यानंतर आपण कोणत्या दारी जात आहोत हे नीट पाहावे, कारण बडोद्याच्या परिसरात नोकरभरतीच्या दोन निराळ्या रीती आहेत. सावलीचा मेट्रोचे डबे बनवणारा कारखाना, हालोलचे मोटार आणि औषधांचे कारखाने किंवा शहरातल्या मोठ्या अभियांत्रिकी सल्लागार कंपन्या यांच्या फाटकावर कागद देऊन काही होत नाही. तिथे अर्ज संकेतस्थळावरूनच जातो आणि अनेकदा माणसाच्या आधी संगणक तो चाळतो, त्यामुळे जाहिरातीत जे कौशल्य ज्या शब्दात मागितले आहे, ते खरोखर येत असेल तर त्याच शब्दात लिहावे आणि रंगीत चौकटी, तक्ते टाळावेत. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या वीस-पंचवीस माणसांच्या कारखान्यात मात्र भरती मालक स्वतः करतो. तिथे छापील बायोडाटा घेऊन सकाळी प्रत्यक्ष जाणे, नावापुढे ‘भाई’ किंवा ‘बेन’ लावून गुजरातीत दोन वाक्यांत काम विचारणे, हे आजही ईमेलपेक्षा उपयोगी पडते. आपल्या मुलांना नावाजलेल्या कंपनीचाच सोस असतो. पण लहान कारखान्यात वर्षभरात खरेदी, उत्पादन आणि तपासणी तिन्ही हाताखालून जातात, आणि त्याचे ग्राहक बहुधा मोठ्या कंपन्याच असल्याने पुढची ओळखही तिथेच होते, असे माझे मत आहे.

अर्धवट ओळखीच्या माणसाला लिहिताना नोकरी मागू नये. नोकरी देणे त्याच्या हाती नसते, मग तो संकोचून उत्तरच देत नाही. जे त्याला सहज देता येईल तेवढेच मागावे. उदाहरणार्थ: ‘नमस्कार सर, मी या वर्षी केमिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली असून आपल्या नंतरच्या तुकडीतला आहे. प्रोसेस डिझाइनच्या कामात नवख्या माणसाकडून नेमके काय अपेक्षित असते, हे समजून घ्यायचे आहे. या आठवड्यात आपल्या सोयीने पंधरा मिनिटे फोनवर बोलता येईल का?’ एवढ्याला बायोडाटा जोडू नये. तो त्यांनी मागितल्यावर द्यावा. आठ-दहा दिवसांत उत्तर आले नाही तर एकदाच आठवण करावी.

फोनवर पगार विचारू नये. त्यांचा दिवस कसा जातो, कोणते सॉफ्टवेअर रोज लागते आणि त्यांच्या विभागात नवी माणसे कुठून येतात, हे विचारावे. शेवटी ‘याबद्दल आणखी कोणाशी बोलू?’ हा प्रश्न विसरू नये, कारण पुढची दोन नावे त्यातूनच मिळतात. बोलणे झाल्यावर त्याच दिवशी आभाराच्या दोन ओळी पाठवाव्यात.

जागा निघाल्यावर शिफारशीची विनंती करण्यात संकोच नसावा. अनेक मोठ्या कंपन्यांत कर्मचाऱ्याने उमेदवाराचे नाव अंतर्गत प्रणालीत घालायचे असते, आणि निवड झाल्यास त्याला बक्षीसही मिळते. मात्र आपण स्वतः आधीच अर्ज केला असेल तर काही ठिकाणी ती शिफारस धरली जात नाही. म्हणून आधी विचारावे, मग अर्ज करावा. याला वशिला म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. शिफारशीने अर्ज वाचला जातो, मुलाखत आपल्यालाच द्यावी लागते. बँक ऑफ बडोदासारख्या सरकारी बँकेच्या परिविक्षाधीन अधिकारी पदासाठी जी स्पर्धापरीक्षा असते, तिथे मात्र कोणाचीही ओळख चालत नाही आणि चालवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत. नोकरीसाठी अनामत किंवा प्रशिक्षण शुल्क मागणाऱ्यांच्या बाबतीतही तेच. पैसे गेलेच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे.

शिकाऊ उमेदवारीची वाट अनेक पदवीधर कमीपणाची समजून सोडतात, ते योग्य नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना एकूण कामगारसंख्येच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, आणि त्यात अभियांत्रिकीखेरीज इतर पदवीधरही येतात. राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेच्या पोर्टलवर नोंदणी करून कंपनी निवडता येते. वर्षानंतर कायम करण्याचे बंधन कंपनीवर नसते, तेव्हा त्या वर्षातल्या नवव्या-दहाव्या महिन्यापासूनच इतर विभागांतल्या लोकांना वरीलप्रमाणे पंधरा मिनिटे मागायला लागावे.

वहीतल्या प्रत्येक नावापुढे तारीख, झालेले बोलणे आणि पुढे काय करायचे ते लिहून ठेवावे, आणि नोकरी लागल्यावर मदत केलेल्या प्रत्येकाला, काही उपयोग न झालेल्यांनाही, कळवावे.