पाइपमधील घर्षणाचा प्रयोग: उत्तर जुळले तरी या चुका तपासा

फ्लुइड मेकॅनिक्सच्या प्रयोगशाळेत पाइपमधील घर्षण मोजण्याचा प्रयोग सोपा समजला जातो. पाइपवरच्या दोन टॅपिंगमधला (दाब मोजण्याच्या छिद्रांमधला) दाबाचा फरक मॅनोमीटरवर, म्हणजे पारा भरलेल्या U आकाराच्या नळीवर, वाचायचा, ठरावीक वेळेत टाकीत जमलेले पाणी मोजायचे आणि घर्षण गुणांक, म्हणजे पाइप प्रवाहाला किती अडवतो ते सांगणारा आकडा, काढायचा. उत्तर सिद्धांताशी जुळले नाही की धावपळ होते. पण दोन चुका एकमेकींना झाकून टाकतात तेव्हा उत्तर जवळपास जुळते आणि जर्नलवर निमूटपणे सही होते. माझ्या मते खरा धोका या दुसऱ्या प्रकारात आहे.

पहिली चूक व्यासाची. ‘15 मिमी’ असा शिक्का असलेल्या मध्यम श्रेणीच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा बाहेरचा व्यास 21.3 मिमी आणि जाडी सुमारे 2.6 मिमी असते, म्हणजे आतला व्यास 16.1 मिमीच्या आसपास येतो. घर्षणामुळे होणारी दाबाची घट देणाऱ्या डार्सीच्या सूत्रात मोजलेला प्रवाह घातला की घर्षण गुणांक व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे 16.1 ऐवजी 15 लिहिल्यास तो तब्बल 30 टक्के कमी येतो. पाइपचे टोक मोकळे असेल तर व्हर्नियरने आतला व्यास दोन काटकोनी दिशांनी मोजावा. नसेल तर ज्ञात लांबीच्या तुकड्यात मावणारे पाणी वजन करून तो काढावा.

दुसरी चूक सूत्राच्या निवडीची. घर्षण गुणांकाचा अंदाज देणारे ब्लासियसचे 0.316 भागिले रेनॉल्ड्स अंकाचे (वेग, व्यास आणि श्यानता म्हणजे द्रवाचा चिकटपणा यांवरून निघणाऱ्या, प्रवाह किती खळबळता आहे ते सांगणाऱ्या अंकाचे) चौथे मूळ हे सूत्र गुळगुळीत पाइपसाठी आणि साधारण एक लाख रेनॉल्ड्स अंकापर्यंतच लागू आहे, तरीही ते सर्रास जीआय पाइपला लावले जाते. रेनॉल्ड्स अंक 30,000 असताना ब्लासियस 0.024 देतो, तर 0.15 मिमी खडबडीतपणा धरल्यास कोलब्रुकच्या सूत्रातून सुमारे 0.039 येते. आता वरची व्यासाची चूक यात मिसळून पाहा. पाइपचा खरा गुणांक 0.039 असूनही गणितात 0.027 येतो, तो 0.024 च्या शेजारी ठेवला जातो आणि उरलेला फरक ‘प्रायोगिक त्रुटी’ या नावाखाली खपून जातो. प्रत्यक्षात व्यासही चुकलेला असतो आणि सूत्रही.

याच प्रवाहाला, म्हणजे सेकंदाला सुमारे 0.3 लिटरला, एक मीटर अंतरावरील टॅपिंगमध्ये पाऱ्याचा फरक जेमतेम 22 मिमी दिसतो. जोडनळीच्या उभ्या भागात 5 सेंमी लांबीचा हवेचा बुडबुडा अडकला तर त्याने पाऱ्याचे वाचन सुमारे 4 मिमीने, म्हणजे 18 टक्क्यांनी बिघडते. म्हणून आधी हवा काढावी, मग पाइप पाण्याने भरलेला ठेवून व्हॉल्व्ह पूर्ण बंद करावा आणि पारा दोन्ही भुजांत समपातळीवर येतो का ते पाहावे. येत नसेल तर एकही वाचन घेऊ नये. पाऱ्याच्या फरकाला 13.6 ने नव्हे, तर 12.6 ने गुणायचे, कारण पाऱ्यावर दोन्ही बाजूंना पाणी असते आणि पाऱ्याच्या 13.6 पट घनतेतून पाण्याचा 1 वजा होतो.

पाण्याचे तापमान मात्र कोणी लिहीतच नाही. पंप तेच पाणी फिरवत राहिला की ते तापते, आणि 20 अंशांवरून 30 अंशांवर गेल्यावर श्यानता इतकी घटते की त्याच प्रवाहाचा रेनॉल्ड्स अंक सुमारे 25 टक्क्यांनी वाढतो. प्रत्येक वाचनासोबत थर्मामीटरचा आकडा नोंदवावा. टाकी भरण्याची वेळ किमान एक मिनिट ठेवावी, कारण प्रवाहाचा वर्ग होत असल्याने स्टॉपवॉचची चूकही दुप्पट होते. उत्तर नेमके चौपट किंवा पाव येत असेल तर उपकरणाला दोष देण्यापूर्वी पुस्तक पाहावे: काही पुस्तकांत डार्सीच्या गुणांकाच्या पाव असणारा फॅनिंगचा गुणांक असतो, ज्यात लॅमिनर (थरांत शांतपणे वाहणाऱ्या) प्रवाहासाठी 64 ऐवजी 16 भागिले रेनॉल्ड्स अंक येते.

लॅमिनर वाचने याच मांडणीवर घेण्याचा हट्ट धरू नये. रेनॉल्ड्स अंक 2,000 असताना मीटरमागे दाबाची घट पाण्याच्या केवळ 1 मिमी स्तंभाएवढी असते, म्हणजे पाऱ्यात 0.08 मिमी, आणि ती डोळ्यांना दिसणारच नाही. त्यासाठी हवा-पाण्याचा उलटा मॅनोमीटर हवा. शिवाय अशा प्रवाहाला स्थिरावण्यासाठी व्यासाच्या सुमारे 120 पट, म्हणजे जवळजवळ दोन मीटर सरळ पाइप लागतो. लॅमिनरमधून खळबळत्या प्रवाहाकडे होणारे संक्रमण रेनॉल्ड्स अंक 2,300 वर दिसले नाही म्हणून वाचन खोडणे हीसुद्धा चूकच आहे. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी 1883 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मँचेस्टरच्या प्रयोगांत, टाकीतील पाणी पुरेसे शांत ठेवल्यावर, प्रवाहात सोडलेली रंगाची रेषा रेनॉल्ड्स अंक 12,000 च्याही पुढे सरळ राहिली होती, म्हणजे प्रवाह लॅमिनरच होता. त्याच उपकरणावर पुढे प्रयोग झाले तेव्हा रस्त्यावरच्या वाहतुकीच्या कंपनांमुळे तो आकडा गाठता आला नाही.