नेटवर्क कनेक्शनची पॉलिसी लावली, तरी युजर आयपी बदलतोय? या चुका टाळा

कनेक्शनची प्रॉपर्टीज कोणी उघडायची, टीसीपी/आयपीच्या अॅडव्हान्स्ड खिडकीत कोणी शिरायचे, लॅन कनेक्शन कोणी बंद करायचे, हे विंडोजच्या ग्रुप पॉलिसीत, म्हणजे अनेक युजर आणि कॉम्प्युटरवर एका जागेवरून लावल्या जाणाऱ्या नियमांत ठरते. त्यासाठी युजर कॉन्फिगरेशन, अॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, नेटवर्क, नेटवर्क कनेक्शन्स या क्रमाने जायचे. सेटिंग लावूनही फरक पडत नसेल, तर ती कोणाला लागू होते ते आधी तपासा. चूक बहुधा तिथेच सापडते.

सगळ्यात जास्त गोंधळ लोकल अॅडमिनचा, म्हणजे त्या मशिनवर पूर्ण हक्क असलेल्या युजरचा. विंडोज एक्सपीपासून या फोल्डरमधल्या ‘प्रोहिबिट’ सेटिंग अॅडमिनना आपोआप लागू होत नाहीत. त्यासाठी तिथलीच ‘एनेबल विंडोज २००० नेटवर्क कनेक्शन्स सेटिंग्ज फॉर अॅडमिनिस्ट्रेटर्स’ ही सेटिंग एनेबल करावी लागते. नाव जुनाट असल्यामुळे तिच्याकडे कोणी बघत नाही. गंमत अशी, की साध्या युजरला आयपी बदलायचा अधिकार मुळातच नसतो. म्हणजे ज्याला रोखायचे तो बहुधा अॅडमिनच असतो आणि त्यालाच सूट मिळालेली असते.

पण ही सेटिंग म्हणजे अर्धाच इलाज. प्रॉपर्टीजचे बटण करडे झाले, तरी अॅडमिन नेटएसएच किंवा पॉवरशेल या कमांडच्या साधनांतून आयपी पत्ता बदलू शकतो. त्याला लोकल अॅडमिनिस्ट्रेटर्स ग्रुपमधून काढणे हाच खरा उपाय. कामासाठी आयपी बदलावाच लागत असेल, तर ‘नेटवर्क कॉन्फिगरेशन ऑपरेटर्स’ या तयार ग्रुपमध्ये टाका. तेवढ्यासाठी पूर्ण अॅडमिन हक्क देऊ नका.

नावे नीट वाचा. ‘प्रोहिबिट’ने सुरू होणारी सेटिंग एनेबल केली की बंदी, ‘अॅबिलिटी टू’ने सुरू होणारी एनेबल केली की परवानगी. घाईत हे हमखास उलटे होते.

पुढची चूक ओयूची, म्हणजे डोमेनमधली युजर आणि कॉम्प्युटरची खाती ज्यात गटवार ठेवतात त्या ‘ऑर्गनायझेशनल युनिट’ची. या युजर सेटिंग आहेत. फक्त कॉम्प्युटर ठेवलेल्या ओयूला जीपीओ (ग्रुप पॉलिसी ऑब्जेक्ट, म्हणजे सेटिंगचा संच) जोडला, तर त्यातला युजरचा भाग लागतच नाही. जीपीओ युजरच्या ओयूला जोडा. ठरावीक मशिनवर बसणाऱ्या प्रत्येकाला बंदी हवी असेल, तर कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनमध्ये अॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टम, ग्रुप पॉलिसी इथून लूपबॅक चालू करा. त्याने कॉम्प्युटरच्या ओयूला जोडलेल्या जीपीओतला युजरचा भागही तिथे बसणाऱ्याला लागतो. त्याचे दोन प्रकार आहेत. ‘मर्ज’मध्ये युजरच्या स्वतःच्या पॉलिसीही राहतात, पण टक्कर झाली तर कॉम्प्युटरच्या ओयूकडून आलेली जिंकते. ‘रिप्लेस’मध्ये युजरच्या स्वतःच्या पॉलिसी वगळल्या जातात.

जीपीओ कोणाला लागू व्हावा हे ठरवणाऱ्या सिक्युरिटी फिल्टरिंगमधून ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ (लॉगइन झालेली सगळी खाती) काढून तिथे एकच ग्रुप ठेवण्याची सवय जुनी आहे. मायक्रोसॉफ्टच्या जून २०१६ च्या एमएस१६-०७२ या सिक्युरिटी अपडेटनंतर युजरची पॉलिसीही कॉम्प्युटरच्या खात्याने वाचली जाते. त्या खात्याला वाचायचा हक्क नसेल, तर जीपीओ गप्प बसतो. जीपीओच्या डेलिगेशन टॅबमध्ये ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ किंवा ‘डोमेन कॉम्प्युटर्स’ला ‘रीड’ द्या. ‘अप्लाय’ देऊ नका, नाहीतर फिल्टरलाच अर्थ उरणार नाही.

बदल केल्याकेल्या तपासू नका. पॉलिसी दर ९० मिनिटांनी ताजी होते आणि त्यात ० ते ३० मिनिटांची भर पडते. थांबायचे नसेल तर पॉलिसी लगेच ताजी करणारी जीपीअपडेट कमांड ‘फोर्स’ पर्यायासह चालवा, मग लॉगऑफ करून परत लॉगइन करा. कोणत्या पॉलिसी लागल्या ते दाखवणारी जीपीरिझल्ट कमांड त्याच युजरच्या साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये चालवा. ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ करून दुसऱ्या खात्याचा पासवर्ड दिला, तर रिपोर्ट त्या अॅडमिनचा येतो आणि तुम्ही भलत्याच माणसाची पॉलिसी दुरुस्त करत बसता.