सूर्योदय होऊनही विषय सावलीतच राहतो: छायाचित्रणाची जागा निवडतानाची अडचण कशी सुटली (माझा अनुभव)

साताऱ्याजवळील उरमोडी नदीच्या खोऱ्यात मे महिन्यात हेरून ठेवलेल्या झाडावर डिसेंबरात सूर्योदयानंतरही ऊन येत नसे आणि येईपर्यंत त्याचा कोवळेपणा सरलेला असे. ॲपमधील सूर्योदयाची वेळ पाळणे किंवा लेन्स बदलणे यांचा काहीही उपयोग झाला नाही, याचा मनस्ताप फार झाला.

उपाय असा सापडला: प्रथम झाडापाशीच उभे राहून पूर्वेकडील डोंगरकडेची दिशा होकायंत्राने आणि उंची क्लिनोमीटरने (उंचीचा कोन मोजण्याच्या साधनाने), दर दहा अंशांवर, नोंदवली, मग छायाचित्रणाच्या तारखेचा सूर्यमार्ग त्या नोंदींवर मांडून सूर्य कडेवर कधी येतो ते काढले. साताऱ्याच्या अक्षांशावर जून व डिसेंबरच्या सूर्योदयाच्या दिशांत सुमारे ४९ अंशांचे अंतर असते, आणि डिसेंबरात सूर्य तासाला साधारण १३ अंश चढत असल्याने १० अंश उंचीची कड पाऊण तास ऊन अडवते. शेवटी कड ३ अंशांहून खाली असलेली वरच्या धारेवरील जागा निवडली. तिथे कोवळे ऊन वेळेवर मिळाले.