धावा आटलेल्या बेसबॉल संघाची दुरुस्ती कुठून सुरू करायची

एका सामन्यात ९ धावा आणि पुढच्या तीन सामन्यांत मिळून २, असं सुरू झालं की पहिली कुऱ्हाड बॅटिंग ऑर्डरवर पडते. तिला शेवटी हात लावा. आधी मागच्या पंधरा सामन्यांचं स्कोअरबुक घेऊन बसा.

अ‍ॅव्हरेज बाजूला ठेवून ऑन-बेस (बेसवर पोचण्याचं प्रमाण) काढा: हिट (फटक्यावर बेस गाठणं), वॉक (झोनबाहेरच्या चार चेंडूंवर मिळणारा पहिला बेस) आणि अंगावर लागलेले चेंडू यांची बेरीज भागिले प्लेटवर (बॅटरच्या जागी) आलेल्या एकूण खेपा (सॅक्रिफाइस बंट, म्हणजे रनर पुढे सरकावा म्हणून स्वतः आउट होत हलकेच टेकवलेला चेंडू, सोडून). १०० खेपांत ४ वॉक आणि २४ हिट घेणारा आणि १२ वॉक आणि २२ हिट घेणारा, दोघांचं अ‍ॅव्हरेज (हिट भागिले वॉक सोडून उरलेल्या खेपा) ०.२५०च. ऑन-बेस मात्र ०.२८० आणि ०.३४०. धावा दुसऱ्यामुळे होतात. अमेरिकेच्या मेजर लीगमधल्या शिकागो व्हाइट सॉक्सनं २०२४ मध्ये १६२ पैकी १२१ सामने गमावले, धावा जेमतेम ५०७. त्यांचं ऑन-बेस ०.२८०च्याही खाली होतं. ‘बेसवर माणसं अडकतात’ ही ओरड फारशी मनावर घेऊ नका. भरपूर धावा करणाऱ्या संघाचीही अडकतात, कारण मुळात बेसवर पोचतातच जास्त.

मग स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट होणं) मोजा. ते वाढले नसतील, फटके कडक बसत असतील आणि तरी चेंडू थेट फील्डरच्या हातात जात असतील, तर ते नशीब आहे. सुधारायला गेलात तर चांगला स्विंग बिघडवाल. स्ट्राइकआउट वाढले असतील तर दोष खरा. डगआउटमधल्या (संघाच्या बाकावरच्या) एकाला प्रत्येक चेंडू टिपायला लावा: स्ट्राइक झोनच्या आत की बाहेर, बॅट फिरली की नाही, फाउल (रेषेबाहेर गेलेला फटका) कुठे गेला.

खरी माहिती त्या फाउलमध्ये असते. उजव्या हाताच्या बॅटरचे फाउल सारखे पहिल्या बेसच्या बाजूला जात असतील तर बॅट उशिरा येतेय. ताशी १४५ किमीचा चेंडू सुमारे ०.४ सेकंदात प्लेटवर असतो, त्यामुळे मनगटं जोरात फिरवून काही साधत नाही. पुढचा पाय आधी टेकवायला शिकवा. उलट शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरकडे) मेलेले, जमिनीवरून सरपटणारे ग्राउंडर जात असतील तर तो बाहेरचा चेंडू ओढतोय. टीवर (चेंडू ठेवायच्या दांड्यावर) आतला चेंडू पुढच्या पायाच्या पुढे ठेवा, बाहेरचा पायाच्या रेषेत किंवा जरा मागे, आणि तो उजव्या फील्डकडेच मारायला लावा. दोन्हीकडचे दहा-दहा, आलटून पालटून.

मशीनवर एकाच वेगाचे शंभर चेंडू मारून टायमिंग त्याच वेगाचं बसतं. सामन्यात पहिला चेंजअप (वेगवान भासवून टाकलेला संथ चेंडू) आला की बॅट आधीच फिरून गेलेली. जाळीआडून दहा-बारा मीटरवरून वेगवान आणि संथ चेंडू न सांगता मिसळून टाका.

बंट आवरा. पहिल्या बेसवर रनर आणि कोणी आउट नाही, तेव्हा मेजर लीगमध्ये त्या इनिंगमध्ये सरासरी ०.८५ च्या आसपास धावा अपेक्षित असतात. बंटनं तो दुसऱ्यावर गेला आणि एक आउट झाला की त्या ०.७० वर येतात. रनर दुसऱ्या बेसवर, कोणी आउट नाही आणि शेवटच्या इनिंगमध्ये एकच धाव हवी असेल, तर गोष्ट वेगळी.

आता ऑर्डर. चांगले ऑन-बेसवाले एकमेकांना लागून लावा, कारण हिट विखुरले की धाव होत नाही. पहिल्या क्रमांकावर नुसता वेगवान पळणारा नको, बेसवर पोचणारा हवा. त्यानंतर प्रत्येकाच्या निदान साठ खेपा होईपर्यंत हलवाहलव नको. स्ट्राइकआउट खरंच घटले का, हे त्याआधी कळत नाही.